विमान पुन्हा वर गेलं, म्हणजे पायलटने त्याचं काम केलं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी पुण्यात विमाननगरला राहतो आणि एका खासगी एअरलाइनमध्ये एअरबस ए-३२० चा कॅप्टन आहे. कंपनीच्या नियमाप्रमाणे आम्हाला माध्यमांशी परस्पर बोलता येत नाही म्हणून नाव छापू नये ही विनंती, पण पत्र जमलं तर पूर्ण छापा, कारण यातलं दुखणं माझ्या एकट्याचं नाहीये, फ्लाइटच्या आधी ब्रीफिंगला भेटणारे, हॉटेलच्या गाडीत शेजारी बसणारे, सगळे पायलट हेच बोलत असतात.

विषय विमानांच्या बातम्यांचा. अहमदाबादच्या अपघातानंतर तर दोन दिवसाआड एक बातमी ठरलेली. हवेत थरार, काळजाचा ठोका चुकला, मोठा अनर्थ टळला, इतके प्रवासी थोडक्यात बचावले. आणि आत वाचलं तर काय असतं? विमानाने गो-अराऊंड केला, म्हणजे उतरता उतरता न टेकता पुन्हा वर गेलं. किंवा एक सेन्सर चुकीचं दाखवत होता म्हणून विमान परत आलं. किंवा पाऊस जोरात होता म्हणून पुण्याऐवजी हैदराबादला उतरलं. म्हणजे जे करायला आम्हाला शिकवलंय, ज्याची सिम्युलेटरमध्ये दर सहा महिन्यांनी परीक्षा होते, जे वेळेवर केलं नाही तर आमच्यावर कारवाई होईल, नेमकं तेच केलं आणि छापून असं आलं की माणसं मरता मरता वाचली.

आमची बदनामी होते याचं वाईट वाटतंच. पण माझी खरी तक्रार त्यापेक्षा मोठी आहे, ती अशी की या बातम्यांमुळे विमानप्रवास थोडा का होईना जास्त धोक्याचा होतोय. हे मी रागाने लिहीत नाहीये, विचार करून लिहितोय, आणि ते कसं ते सांगण्यासाठीच हे एवढं लांबलचक पत्र.

आधी गो-अराऊंड. विमान उतरायला येतं तेव्हा जमिनीपासून एक हजार फुटांवर, आणि हवा स्वच्छ असेल तर फार तर पाचशे फुटांवर, सगळं जिथल्या तिथे असायला लागतं. वेग बरोबर, उतार बरोबर, चाकं आणि फ्लॅप्स, म्हणजे पंखांच्या मागच्या पट्ट्या, बाहेर, विमान रनवेच्या रेषेत, इंजिनाची पॉवर योग्य. यातलं एक जरी जागेवर नसेल तर उतरायचं नाही, पॉवर लावायची, वर जायचं, पुन्हा यायचं. समोरचं विमान रनवेवरून बाहेर पडलं नसेल तरी वर जायचं. रनवेवर कुत्रं आलं, पक्ष्यांचा थवा उठला, पावसात दिवे दिसले नाहीत, तरी वर जायचं. प्रवाशांना अचानक सीटवर दाबल्यासारखं होतं, इंजिनांचा आवाज वाढतो, नाक वर जातं, घाबरायला होणारच, मी ते नाकारत नाही. पण कॉकपिटमध्ये तेव्हा जे चालू असतं ते शंभर वेळा घोकलेलं असतं, आणि दोन्ही इंजिनं चालू असलेल्या हलक्या झालेल्या विमानाला वर चढणं अजिबात जड जात नाही.

एक प्रसंग सांगतो. मे महिना होता, संध्याकाळची वेळ, वळवाचे ढग पूर्वेला जमलेले. पुण्यात राहणाऱ्याला मेमधला वळीव सांगायला नको, दुपारभर कडक ऊन आणि पाचनंतर एकदम धुळीचा लोट उठतो, वारा कुठूनही कुठे फिरतो. आम्ही वाघोलीच्या बाजूने लोहगावला येत होतो. विमान फर्स्ट ऑफिसर, म्हणजे को-पायलट, चालवत होती, नाशिकची मुलगी, वय पंचविशीच्या आत, अतिशय तयारीची. आठशे-नऊशे फुटांवर असताना विमानाच्या रडारने पुढे विंडशिअर पकडलं, म्हणजे थोड्याशा अंतरात वाऱ्याची दिशा आणि जोर एकदम बदलतोय, आणि कॉकपिटमध्ये विमानाचाच आवाज आला, गो अराऊंड, विंडशिअर अहेड. ही वॉर्निंग आली की चर्चा करायची नसते. तिने केली नाही. गो-अराऊंड, फ्लॅप्स असं म्हणत तिने पॉवर वाढवायचे थ्रस्ट लिव्हर पुढे सारले, मी पॉझिटिव्ह क्लाइंब, म्हणजे विमान वर चढतंय, असं सांगितलं, तिने गिअर अप म्हटलं, मी चाकं वर घेतली, एटीसीला, म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रण कक्षाला, कळवलं. लोहगावला एटीसी हवाईदलाचं आहे, कंट्रोलरने शांतपणे उंची आणि दिशा दिली. वर जाऊन थोडा वेळ होल्ड केलं, म्हणजे एका जागी फेऱ्या मारल्या, ढग रनवेच्या रेषेतून सरकला, दुसऱ्या वेळी आलो आणि व्यवस्थित उतरलो. पंचवीसेक मिनिटं उशीर झाला असेल.

उतरताना मी दारात उभा होतो. काही प्रवासी हात मिळवून गेले, एक आजोबा म्हणाले छान चालवलंत, दोघं-तिघं चिडलेले होते की वर गेल्यावर तुम्ही लगेच काही सांगितलं का नाही. त्याचं उत्तर त्यांना दिलं ते इथेही देतो, कारण बातम्यांमध्ये हे वाक्य हमखास असतं, की पायलटने कोणतीही माहिती दिली नाही, विमानात घबराट पसरली. आमच्याकडे क्रम ठरलेला असतो, आधी विमान उडवायचं, मग कुठे जायचं ते बघायचं, मग रेडिओवर बोलायचं, आणि हे तिन्ही झालं की केबिनशी बोलायचं. गो-अराऊंडनंतरची पहिली तीन-चार मिनिटं कॉकपिटमध्ये अत्यंत कामाची असतात. त्या वेळात माइक हातात घेऊन गोड बोलणारा पायलट तुम्हाला खरंतर नको असायला हवा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोबाइलवर बातमी. जमिनीला टेकता टेकता विमान पुन्हा आकाशात, प्रवाशांचा जीव टांगणीला. आठशे-नऊशे फूट म्हणजे जमिनीला टेकणं नव्हे, ती पन्नास-साठ मजली इमारतीच्याही वरची उंची झाली. खाली एका प्रवाशाने केबिनमध्ये घेतलेला व्हिडिओ, त्यात मागे एक लहान मूल रडतंय, आणि एका ॲपवरचा विमानाचा गोल गोल मार्ग, त्यावर लाल बाण. विंडशिअर हा शब्द कुठेच नाही. आणि आम्ही सुरुवातीला अनाउन्समेंटमध्ये दोघांची नावं सांगतो त्यावरून कोणीतरी महिला पायलट होती एवढं शोधून काढलं आणि तेही हेडिंगखाली टाकलं, कारण काय तर क्लिक मिळतात. त्याखालच्या कॉमेंट मी वाचल्या. नवशिक्या पोरीच्या हातात विमान देतात, बायकांना गाडी पार्क करता येत नाही, असलं सगळं. जिने वॉर्निंग आल्यावर एक क्षणही न घालवता जे करायचं तेच केलं, तिच्याबद्दल हे. जगाच्या सरासरीपेक्षा आपल्या देशात महिला पायलटचं प्रमाण कितीतरी जास्त आहे, त्याचे अभिमानाचे लेख आठ मार्चला तुम्हीच छापता ना.

तिचा मला त्या दिवशी फोन आला. सर, मी पाचशेपर्यंत थांबून बघायला हवं होतं का, वॉर्निंग गेली असती कदाचित.

साहेब, हा प्रश्न ऐकून मला जे वाटलं त्यासाठी हे पत्र आहे. तिने हा प्रश्न सिम्युलेटरमध्ये कधी विचारला नव्हता, इन्स्ट्रक्टरला नव्हता विचारला, ती बातमी वाचेपर्यंत तिच्या मनात तो आलाच नव्हता. मी तिला सांगितलं की तू केलंस ते शंभर टक्के बरोबर, आणि पुढच्या वेळीही असंच करायचं. तिला ते पटलं असेल. पण वाचणारे शेकडो पायलट आहेत, त्यातल्या एखाद्याच्या मनात हा प्रश्न राहिला, आणि पुढच्या वेळी त्याचा हात लिव्हरवर दोन सेकंद उशिरा गेला, तर?

मी उगाच भीती घालत नाहीये. २२ मे २०१० ला मंगळूरला दुबईहून आलेलं विमान रनवे ओलांडून दरीत गेलं, १६६ पैकी १५८ माणसं गेली. चौकशीत काय निघालं, तर विमान उंच आणि वेगात येत होतं, अप्रोच, म्हणजे उतरायला येणं, स्थिर नव्हता, फर्स्ट ऑफिसरने तीन वेळा गो-अराऊंड म्हटलं होतं आणि कॅप्टनने उतरणं चालू ठेवलं. ७ ऑगस्ट २०२० ला कोळिकोडला भर पावसात पाठीमागून वारा असताना विमान रनवेच्या निम्म्यापर्यंत जाऊन टेकलं आणि पुढे खाली कोसळलं, २१ लोक गेले, दोन्ही पायलट त्यात होते. तिथेही को-पायलटने शेवटी गो-अराऊंड म्हटलं होतं. आणि त्या अहवालात एक गोष्ट नोंदवलेली आहे जी मी माझ्या प्रत्येक ज्युनिअरला सांगतो, की दुसऱ्या दिवशी सकाळची फ्लाइट करायची होती म्हणून कोळिकोडलाच उतरायचं हे मनावर होतं. म्हणजे दबाव. कोणी फोन करून दिलेला दबाव नाही, मनातला. उशीर होईल, लोक चिडतील, उद्याचं शेड्यूल बिघडेल, आणि आता त्यात हे नवीन, की उद्या माझा व्हिडिओ येईल.

फ्लाइट सेफ्टी फाउंडेशन नावाची जगभर मान असलेली संस्था आहे, तिच्या अभ्यासात असं दिसलं की अप्रोच बिघडलेला असतानाही फक्त ३ टक्के वेळा पायलट गो-अराऊंड करतात, बाकी ९७ टक्के वेळा तसेच उतरतात. सगळ्या जगातले सेफ्टीवाले डोकं धरून बसलेत की पायलटनी जास्त वेळा गो-अराऊंड करावा यासाठी काय करू. कंपन्यांच्या मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं की गो-अराऊंड केला म्हणून कोणाला जाब विचारला जाणार नाही. कंपनी विचारत नाही, विमान वाहतुकीवर देखरेख करणारं सरकारी खातं, डीजीसीए, विचारत नाही, आणि शिक्षा कोण देतं, तर सकाळचा पेपर आणि संध्याकाळचं चॅनल. वरंधा घाटात धुकं दाटलं म्हणून एसटीच्या ड्रायव्हरने गाडी बाजूला घेतली आणि धुकं विरल्यावर पुढे नेली, तर त्याला आपण शाबासकी देतो. आमचं काम त्याच्यासारखंच आहे, आम्हाला पण तेवढीच वागणूक द्या.

आता दुसरा प्रकार, परत येणारी विमानं. टेकऑफनंतर काहीतरी इशारा आला आणि कॅप्टनने परत यायचं ठरवलं. बातमी येते की विमान तासभर आकाशात घिरट्या घालत होतं, प्रवासी देवाचा धावा करत होते. घिरट्या का, याची एक ओळ नसते. कारण साधं आहे, टेकऑफला विमान इंधनाने भरलेलं असतं आणि उतरताना किती वजन चालतं याची मर्यादा टेकऑफपेक्षा कमी असते. मोठ्या विमानांमध्ये हवेत इंधन सोडून द्यायची सोय असते, आमच्या ए-३२० ला साधारणपणे नसते, म्हणून घाई नसेल तर फेऱ्या मारून इंधन जाळायचं, वजन कमी करायचं आणि मग आरामात उतरायचं. घाई असेल तर जास्त वजनातसुद्धा उतरता येतं, त्याचीही पद्धत ठरलेली आहे. म्हणजे विमान फेऱ्या मारतंय याचा अर्थ कॅप्टनच्या मते घाई नाही. बातमीत याच्या बरोबर उलटा अर्थ लावलेला असतो.

हायड्रॉलिक बिघडलं अशी बातमी असते. ए-३२० मध्ये तीन वेगवेगळ्या हायड्रॉलिक सिस्टिम असतात, हिरवी, निळी, पिवळी, एक गेली तर बाकीच्यांवर विमान चालतं. इंजिन बंद पडलं अशी बातमी असते. दोन इंजिनांचं प्रवासी विमान प्रमाणित होतानाच ही अट असते की ठरावीक वेगानंतर धावपट्टीवरच एक इंजिन गेलं तरी त्याने उरलेल्या इंजिनावर उड्डाण पूर्ण करावं. समुद्रावरून जाणारी दोन इंजिनांची विमानं तर एका इंजिनावर तीन-तीन तास उडायला मान्यता मिळालेली असतात. केबिनमधला हवेचा दाब कमी झाला की मास्क खाली येतात, त्यातला ऑक्सिजन साधारण बारा ते पंधरा मिनिटं पुरतो, तेवढ्यात आम्हाला दहा हजार फुटांवर यायचं असतं जिथे मास्कशिवाय श्वास घेता येतो, म्हणून आम्ही मुद्दाम वेगाने खाली येतो. ही बातमी मी वाचलीय, विमान वीस हजार फूट कोसळलं. ते कोसळलेलं नसतं. उतरवलेलं असतं.

इंधन संपत आलं, ही पण आवडती बातमी. आम्ही निघताना जिथे जायचंय तिथपर्यंतचं इंधन घेतो, त्यावर थोडं जास्तीचं, त्यावर दुसऱ्या विमानतळापर्यंत जायचं, पुण्यासाठी मुंबई, हैदराबाद, गोवा असं काहीतरी, आणि या सगळ्याच्या वर शेवटच्या तीस मिनिटांचं. या तीस मिनिटांना हात लागेल असं दिसायला लागलं की नियमानेच मेडे फ्यूएल, म्हणजे इंधनाची इमर्जन्सी, जाहीर करावी लागते. म्हणजे मेडे म्हटलं त्या क्षणी टाकी कोरडी नसते. पण छापून येतं की काही मिनिटांचंच इंधन उरलं होतं.

आणि इथे मी सगळ्यात कळकळीने सांगतो. पायलटला इमर्जन्सी जाहीर करायला लाज वाटता कामा नये, भीती वाटता कामा नये. तातडी असेल तर पॅन-पॅन म्हणा, मोठं संकट असेल तर मेडे म्हणा, आम्ही ते म्हटलं की एटीसी रस्ता मोकळा करून देतं, रनवेच्या कडेला अग्निशमनच्या गाड्या येऊन उभ्या राहतात, ॲम्ब्युलन्स येते, बहुतेक वेळा त्या सगळ्या रिकाम्या परत जातात आणि त्या रिकाम्या परत जाव्यात हीच आमची इच्छा असते. न्यूयॉर्कला २५ जानेवारी १९९० रोजी बोगोटाहून आलेलं एक विमान खराब हवेत तासाहून जास्त होल्डमध्ये ठेवलं गेलं, पायलट इंधन कमी आहे असं सांगत राहिले पण इमर्जन्सी हा शब्द त्यांनी उच्चारला नाही, त्यामुळे कंट्रोलरला गांभीर्य कळलं नाही, आणि इंधन संपून ते विमान पडलं. १५८ पैकी ७३ माणसं गेली. संकोचाची ही किंमत असते. रनवेजवळ उभ्या असलेल्या लाल गाड्यांचा फोटो काढून त्यावर विमानतळावर हाहाकार असं छापताना हे कोणाच्या तरी मनात यावं असं मला फार वाटतं.

घरच्यांचंही थोडं सांगू द्या. आमची आई कोथरूडला असते, टीव्ही चालू असतो. कुठल्याही कंपनीचं, कुठल्याही शहरातलं विमान असू दे, खाली पट्टी सरकली की तिचा माझ्या बायकोला फोन, अगं तो आज कुठे आहे. मी हवेत असेन तर माझा फोन बंद, मग आणखी तासभर जीव खालीवर. कराडहून मामी, साताऱ्याहून आत्या, सगळ्यांचे फोन. हे आमच्या धंद्यात प्रत्येक घरी चालतं. आई मला एकदा म्हणाली, अरे, इतके अपघात होतात तर ही नोकरी सोड ना बाबा. मी म्हटलं, आई, यातला एकही अपघात नाहीये. तिला खरं वाटलं नाही, कारण पेपरात आलंय ना. पेपरवर तिचा एवढा विश्वास आहे, संपादकसाहेब, म्हणून तर तुम्हाला लिहितोय.

आणि खरा अपघात होतो तेव्हा काय होतं ते सगळ्यांनी बघितलं. १२ जून २०२५, अहमदाबाद, जमिनीवरची धरून २६० माणसं गेली, विमानातल्या २४२ पैकी एक जण वाचला. आमच्यासाठी ती आपली माणसं होती, एकाच आकाशात उडणारी. बरोबर महिन्याने प्राथमिक अहवाल आला. त्यात इंधनाचे स्विच एका सेकंदाच्या अंतराने बंद झाल्याचं आहे, एका पायलटने दुसऱ्याला तू बंद का केलंस असं विचारल्याचं आणि दुसऱ्याने मी नाही केलं असं म्हटल्याचं आहे, कोण काय म्हणालं ते नाही, आणि कोणावर ठपका तर अजिबात नाही. तेवढ्यावर परदेशातल्या आणि आपल्याकडच्या मंडळींनी कॅप्टनला दोषी करूनही टाकलं. त्यांच्या मन:स्थितीपासून घरातल्या गोष्टींपर्यंत सगळं चघळलं. नव्वदी ओलांडलेल्या वडिलांना सुप्रीम कोर्टात जावं लागलं, आणि नोव्हेंबरमध्ये न्यायमूर्तींनी त्यांना सांगितलं की मुलाला दोष दिला जातोय हे ओझं मनावर बाळगू नका. एका म्हाताऱ्या बापाला हे कोर्टाकडून ऐकावं लागलं.

अपघाताची चौकशी जगभर ज्या आंतरराष्ट्रीय नियमाने होते, ज्याला आम्ही ॲनेक्स १३ म्हणतो, त्यात स्पष्ट आहे की चौकशीचा उद्देश पुढचा अपघात टाळणं हा आहे, दोष ठरवणं हा नाही. हे कोणाला वाचवण्यासाठी केलेलं नाही. पायलट, इंजिनिअर, कंट्रोलर घाबरले तर खरं सांगणार नाहीत, खरं कळलं नाही तर दुरुस्ती होणार नाही, एवढा सरळ हिशोब आहे. आमच्याकडे छोट्या छोट्या गोष्टी आपणहून लिहून कळवायची पद्धत आहे, त्यातूनच विमान वाहतूक इतकी सुरक्षित झाली. उद्या कळवलेली प्रत्येक गोष्ट फुटून हेडिंग होणार असेल तर कळवणारे हात आखडता घेतील.

मी असं अजिबात म्हणत नाही की आमच्याबद्दल लिहूच नका. लिहा, आणि कडक लिहा, पण जिथे धोका आहे तिथे लिहा. पुण्यातच किती आहे बघा. विमानतळापासून १० किलोमीटरच्या आत उघड्यावर कचरा टाकायला, जनावरं कापायला विमान नियमांमध्ये मनाई आहे. धानोरी, लोहगाव, वाघोली, खराडी, रस्त्याच्या कडेला काय असतं ते तुम्ही रोज बघता. त्यावर घारी येतात. पावसाळा सुरू झाला की रनवेच्या कडेच्या गवतात किडे वाढतात, किड्यांवर टिटव्या आणि बगळे, तिकडे पुन्हा घारी. किलोभराची घार टेकऑफच्या वेगात इंजिनात गेली तर काय होतं ते मी बघितलंय, पंख्याची पाती वाकतात, जळक्या पिसांचा वास केबिनपर्यंत येतो. २००९ मध्ये न्यूयॉर्कला दोन्ही इंजिनांत हंस शिरले आणि विमान नदीत उतरवावं लागलं, १५५ च्या १५५ वाचले, पण नदी शेजारी होती म्हणून. लोहगावच्या शेजारी काय आहे, तर दाट वस्ती. बर्ड हिट झाला की विमानाची बातमी होते, पायलटची होते, प्रवाशांच्या हालांची होते, पण ज्या ढिगावर ती घार बसत होती त्याचा फोटो छापून हा ढीग कोणाच्या हद्दीत, किती दिवसांपासून, उचलायची जबाबदारी कोणाची, ही बातमी मला तरी फार क्वचित दिसली. तेच लेझरचं. गणपतीत आणि लग्नाच्या हंगामात हिरवा झोत कॉकपिटमध्ये येतो, काही सेकंद समोरचं काही दिसत नाही, आणि ते नेमकं उतरताना होतं. पोलीस बंदीचे आदेश काढतात, त्याचं पुढे काय होतं ते विचारा ना.

दमणूक हा तर सगळ्यात मोठा विषय. पायलटच्या कामाच्या वेळेचे नवे नियम २०२५ मध्ये दोन टप्प्यांत आले, आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास झाली, रात्रीच्या लँडिंगवर मर्यादा आली. त्यासाठी पायलट संघटना कित्येक वर्षं कोर्टात भांडत होत्या. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये नव्या नियमांपुरते पायलट नव्हते म्हणून हजारो विमानं रद्द झाली तेव्हा बातम्या कशाच्या होत्या, तर विमानतळावरच्या बॅगांच्या ढिगाच्या आणि तिकिटांच्या भावाच्या. लोकांचे हाल झाले, ते छापायलाच हवं होतं. पण पहाटे चार वाजता सलग दुसऱ्या रात्री उतरणाऱ्या माणसाचे डोळे कसे असतात, आणि त्याला झोप मिळावी म्हणून केलेला नियम सैल करायला परवानगी का दिली गेली, हे पण तितकंच छापायला हवं होतं, कारण त्या खुर्चीमागे तुमचेच वाचक बसलेले असतात.

माझ्या मागण्या फार नाहीत. विमानाची बातमी आली की छापण्याआधी एका पायलटला किंवा एका मेंटेनन्स इंजिनिअरला विचारा, हे नेहमीचं आहे का वेगळं आहे. पुण्यात निवृत्त कॅप्टन आणि हवाईदलातले निवृत्त अधिकारी पैशाला पासरी आहेत, लोहगावपासून बाणेरपर्यंत, आणि त्यांना नोकरीचं बंधन नाही, आनंदाने बोलतील. प्रवाशाचा व्हिडिओ जरूर दाखवा, पण त्याच्या खाली विमानाची उंची आणि वर जायचं कारण एवढं तरी टाका. क्रूमधली कोण बाई होती आणि कोणाचं वय काय हे बातमीत घालू नका. आणि पहिल्या दिवशी जेवढी जागा थराराला दिली त्याच्या निम्मी तरी जागा नंतर जे खरं कारण निघतं त्याला द्या.

मेमधल्या त्या संध्याकाळची बातमी अशी होऊ शकली असती, की वळवाच्या वाऱ्यामुळे पुण्यात उतरणारं विमान इशारा मिळताच पुन्हा वर नेण्यात आलं, ढग सरकल्यावर पंचवीस मिनिटांनी सुरक्षित उतरलं, विंडशिअर म्हणजे काय ते सोबतच्या चौकटीत वाचा. लोकांनी वाचली असती, मला खात्री आहे, पुण्याचा वाचक चौकटी वाचतो.

पत्रकारिता शिकवणाऱ्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये किंवा तुमच्याच ऑफिसात पत्रकारांसाठी अर्ध्या दिवसाचा वर्ग घ्यायची आमच्यातल्या काही निवृत्त सीनिअर्सची तयारी आहे, मानधन नको, प्रोजेक्टर आणि चहा पुरे, सिम्युलेटरमधले गो-अराऊंडचे व्हिडिओही दाखवतील. पत्रासोबत त्यांच्यापैकी दोघांचे नंबर वेगळ्या चिठ्ठीवर दिलेत, ते छापायचे नाहीत, तुमच्या विमानतळ बघणाऱ्या वार्ताहराला द्या. पाऊस सुरू व्हायच्या आत वर्ग झाला तर बरं, कारण जूनपासून गो-अराऊंड वाढणार आहेत.

आपला,
एक वैमानिक
विमाननगर, पुणे